ढगोबा आणि बिनआकड्यांचा काटा

हां, तर काल ढगोबाला आपण गोदामात बसवून ठेवलं होतं. दोरखंडांच्या वेटोळ्यांमध्ये, तोंड एवढंसं करून, कोरड्या फडक्यांच्या घड्या घालत. त्याला तिथून बाहेर काढायला हवं, नाहीतर बिचारा तिथेच बसून राहील आणि गोष्ट काही वर सरकणार नाही.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागून. ढगोबा म्हणजे उंच इमारतींच्या काचा पुसणारा माणूस. गच्चीवरून जाड तारांना टांगलेला लोखंडी झुला, त्यात दोघं जण, दोन बादल्या, रबरी पट्ट्या, फडकी, आणि खाली बघितलं की माणसं मुंगीएवढी. ढगोबा हे नाव काही आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. तो अंगानं भरलेला, त्यात कामाचे कपडे पांढरे, आणि मुक्काम कायम चौदाव्या-पंधराव्या मजल्याच्या आसपास. खालून बघणारा कुणीतरी एकदा म्हणाला, तो बघा ढग आला, आता काचा धुतल्या जाणार. झालं, त्या दिवसापासून पगारपत्रक सोडलं तर सगळीकडे तो ढगोबाच.

झुल्यातला त्याचा जोडीदार इतका किडकिडीत, की त्याला सगळे काडी म्हणत. ढग आणि काडी ही जोडी वर चढायला लागली की झुला ढगाच्या बाजूला जरासा कललेलाच असायचा. काडी म्हणायचा, "माझी बाजू कायम चढावर. मी कामाला येतो की डोंगर चढायला येतो, तेच कळत नाही."

पण ढगोबाचा जीव त्या झुल्यात होता. खाली जमिनीवर तो साधाच माणूस. रस्ता ओलांडताना गोंधळणारा, बायकोच्या मागून चालणारा. वर गेला की राजा. काचेपलीकडच्या सगळ्या खोल्या त्याच्या ओळखीच्या. अकराव्या मजल्यावरची टाईप करणारी बाई न चुकता हात हलवायची. नवव्या मजल्यावरचे हिशेबनीस दुपारी खुर्चीतच डुलकी काढायचे, तेव्हा तो रबरी पट्टी अगदी हलक्या हातानं ओढायचा, आवाज होऊ नये म्हणून. तिसऱ्या मजल्यावर एक व्यायामाची खोली होती, तिथे लोक पट्ट्यावर जागच्या जागी धावत. त्यातले एक जाडजूड गृहस्थ पट्टा बंद करून खिशातलं बिस्किट तोंडात टाकताना एकदा त्याच्या नजरेला पडले. दोघांची नजरानजर झाली. ढगोबानं काय करावं? त्यानं तेवढ्याच काचेवर भरपूर साबण फासला आणि त्या माणसाचं खाऊन होईपर्यंत तो पुसलाच नाही. असा भला माणूस.

तर सुरक्षेचे नवे साहेब आले आणि त्यांनी नियम काढला, की झुल्यात चढणाऱ्याचं वजन पंच्याऐंशी किलोच्या वर चालणार नाही. गोदामात मालाची पिंपं तोलायचा मोठा काटा होता, त्यावर सगळ्यांना ओळीनं उभं केलं. ढगोबा उभा राहिला तशी सुई सत्त्याण्णववर जाऊन थरथरली. साहेब वाईट नव्हते, पण नियम त्यांनीच काढलेला. वजन उतरेपर्यंत ढगोबाची नेमणूक गोदामात झाली. त्या गोदामाला एकही खिडकी नाही. जन्मभर काचा पुसलेल्या माणसाला चारही बाजूंनी भिंत.

तिथे बसून त्यानं जे केलं ते भल्याभल्यांना जमायचं नाही. साखर सोडली, लोणी सोडलं, पावाचा एकच तुकडा खायचा. लिफ्ट सोडून जिना धरला. बायकोनं काही पुढं केलं तर "मला वर जायचंय" एवढंच म्हणायचा. बाहेरच्या कुणी ऐकलं असतं तर माणूस मरायला टेकलाय असंच वाटलं असतं. शेवटी सुई त्र्याऐंशीवर आली आणि ढगोबा पुन्हा वर गेला. अकराव्या मजल्यावरच्या बाईनं त्या दिवशी दोन्ही हात हलवले म्हणे.

तर गोदामातून तो असा बाहेर आला. आता पुढे.

साहेब म्हणाले, उतरवलंस खरं, पण लोकांचं वर्षाच्या आत होतं तिथे परत जातं. ते राखायला आता यंत्राची मदत घ्यायची. मग काट्याच्या कंपनीतून एक मुलगी आली. हुशार, हसतमुख, हातात पाटीसारखा टॅब. सगळे तिला काटेताई म्हणायला लागले. तिनं ढगोबाच्या हातात एक काळी काचेची फरशी ठेवली. तो ती उलटीपालटी करून बघायला लागला. हा काटा म्हणता, मग आकडा कुठाय?

"काका, आकडा मुद्दामच नाही ठेवला," काटेताई म्हणाली. "घोटभर पाणी प्यायलात तरी आकडा हलतो, आणि मग माणूस उगीच रडतो नाहीतर उगीच खूश होतो. तुम्ही फक्त रोज सकाळी उभं राहायचं. फोनवर पान दिसेल. हिरवं म्हणजे छान चाललंय, पिवळं म्हणजे जपा, लाल म्हणजे भेटू या."

फोनमधून एक बाईही बोलायची. गोड आवाजात, पण बोलायची. आज जेवल्यावर चालणार ना? आज ताट लहान घेतलंत का? ढगोबानं तिचं नाव सासू ठेवलं. त्यावर बायको म्हणाली, "माझ्या आईनं जन्मात कधी तुमच्या ताटाकडे बघितलं नाही. दुसरं नाव शोधा." पण ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

काटेताईनं आणखी एक गोष्ट सांगितली. घरातली दोघं मिळून करत असतील तर वजन जास्त टिकतं, तेव्हा काकूंचंही नाव घालू या. काटा एकच, फोन दोन. बायको रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची, दिवसभर उभ्यानं. ती म्हणाली घाला. त्या वेळी ती ढगोबाहून चांगली पाच किलोनं जास्त होती. मग ढगोबानं विचारलं, काट्याला कसं कळणार कोण उभं राहिलंय ते? काटेताई घाईत होती. ती म्हणाली, काटा माणूस ओळखतो.

एवढंच वाक्य. पण ढगोबानं ते घरी नेऊन त्याचा डोलारा उभा केला. काटा माणूस ओळखतो म्हणजे कशावरून ओळखणार? उभं राहतो पायांवर, तेव्हा पायांवरूनच. तळपायाच्या रेषा वाचत असणार. मग तो रोज सकाळी पाय साबणानं धुवायचा, टाचा घासायचा, पुसून कोरडे करायचा आणि मगच काट्यावर चढायचा. बायकोलाही धुवायला लावायचा. "रेषा स्वच्छ दिसल्या पाहिजेत," तो म्हणायचा. बायको म्हणायची, लग्नात तुम्ही माझा चेहरासुद्धा एवढा निरखला नव्हता.

आणि खरं सांगायचं तर काटा ओळखायचाही. पहिले काही आठवडे याचं पान याच्या फोनवर, तिचं तिच्या. सासू दोघांशी बोलायची. सगळं सुरळीत.

मग लेकीला बाळ झालं आणि दोघं तिच्याकडे गेली. काटा घरीच राहिला. तिकडे जावई हौशी, रोज काहीतरी भाजायचा. केक, बिस्किटं, लोण्यातले बटाटे. आजोबा झालेल्या माणसाला नाही म्हणणं शोभतं का? ढगोबानं कशालाच नाही म्हटलं नाही. बायको तिकडे तापानं पडली. उठली तर बाळाच्या दुपट्यांमागे. तिच्या पोटात धड काही गेलंच नाही. महिन्याभरानं दोघं परतली तेव्हा एक चांगला फुगून आला होता आणि एक निम्मी होऊन.

परतल्यावर पहिल्या सकाळी ढगोबा धास्तावला होता. पाय दोनदा धुतले. डोळे मिटून काट्यावर उभा राहिला. मागून बायको उभी राहिली. मग दोघांनी फोन बघितले.

त्याचं पान हिरवंगार. सासू म्हणाली, शाबास, प्रवासातही तुम्ही स्वतःला सांभाळलंत. बायकोचं पान पिवळं. सासू म्हणाली, थोडं जपायला हवं, आपण मिळून करू.

ढगोबा आधी चकित झाला, मग खूश झाला आणि मग, जे व्हायला नको होतं ते झालं, तो शहाणा झाला. म्हणाला, "माझ्या शरीराला आता वळण लागलंय. केक खाल्ला तरी त्याला कळतं, कुठे साठवायचा नाही ते." बायको आरशासमोर उभी होती. कमरेला सैल झालेला एप्रन चिमटीत धरून ती बघत राहिली. पण यंत्र म्हणतंय, कंपनी म्हणतेय, नवरा म्हणतोय. एकट्या एप्रनच्या शब्दाला काय किंमत?

पुढे त्या घरात जे चाललं ते सांगताना हसावं की काय करावं कळत नाही. सासू बायकोला म्हणायची, ताट लहान घ्या. बायको पावाचे दोन तुकडे घेऊन बसली की ढगोबा त्यातला एक उचलायचा. "तुझ्याच भल्यासाठी गं," म्हणायचा. आता उचललेला तुकडा टाकून कसा द्यायचा? अन्न आहे. शिवाय त्याचं पान हिरवं. तो स्वतःच खाऊन टाकायचा. सासू म्हणायची, जेवल्यावर चाला. बायको आवाराला फेऱ्या मारायची आणि ढगोबा खिडकीत बसून, हातात बिस्किट घेऊन, हात जरा जोरात हलव म्हणून वरून सूचना द्यायचा. याच्या ताटात जसजशी भर पडेल, तसतसं तिचं पान पिवळं पडायचं. तिचं पान पिवळं पडलं की ती आणखी कमी खायची. ती कमी खाईल तसं याचं पान हिरवं. असा तो संसार चालला होता, दोघंही आपापल्या फोनशी प्रामाणिक राहून.

धुलाईघरातल्या बाया तिला विचारायच्या, काय गं, आजारी आहेस का, केवढी वाळलीस. ती म्हणायची, "वाळले कुठे, फुगतेय. फोनला विचारा." आणि एप्रनला आणखी एक पिन लावायची.

इकडे झुल्यातही गमतीजमती सुरू झाल्या. छातीला बांधायचा सुरक्षापट्टा ढगोबाला पुरेना. तो म्हणाला, या खेपेला पट्टे आखूड आलेत. काडीनं आपला पट्टा बघितला, तो आपला लोंबतच होता. मग नव्या साहेबांनी झुल्याला बसवून घेतलेला भोंगा. झुल्याला भार सोसेना की तो भोंगा वाजायचा आणि मोटर जागची हलायची नाही. एके सकाळी तो वाजला. ढगोबा म्हणाला, बादल्या फार भरल्यास. थोडं पाणी ओतलं, झुला उठला. पुढच्या महिन्यात पुन्हा वाजला, आणखी थोडं ओतलं. मग एक बादली खालीच ठेवायची पद्धत पडली. काडी म्हणाला, "ढगोबा, असंच चाललं तर पुढल्या वर्षी आपण थुंकीनं काचा पुसू."

"पाणी जड झालंय," ढगोबा म्हणाला. "नळाला हल्ली कसलं पाणी येतं कोण जाणे."

आणि यात तो खोटं बोलत होता असं कुणी समजू नये. त्याला ते खरंच वाटत होतं. फोन हिरवा असताना पाणी जड असणारच, दुसरं काय जड असणार?

वर्ष होत आलं तसा काटेताईनं काटा दिलेल्या सगळ्या कामगारांच्या पानांचा आढावा घेतला. पुष्कळांचं वजन थोडंबहुत परत आलं होतं. एक ढगोबा तेवढा पहिल्यापासून शेवटपर्यंत हिरवा, उलट आणखी किलोभर खालीच. साहेबांना आनंद झाला. त्यांनी एक मोठं पोस्टर करून घेतलं. झुल्यात उभा असलेला हसरा ढगोबा, जुना फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत: "उतरलेलं वजन वर्षभर उतरलेलंच! थोडा संयम, रोजचं चालणं." ते कंपनीच्या सगळ्या शाखांमध्ये लागायचं होतं. त्याआधी छोटासा कार्यक्रम ठरला. मोठे साहेब येणार, ढगोबा सर्वांसमोर झुल्यात चढणार आणि वर जाता जाता हात हलवणार. पत्नीसह यावे, असं सांगितलं गेलं.

त्या दिवशी इमारतीच्या पायथ्याशी खुर्च्या मांडल्या होत्या. बायको ठेवणीतल्या कपड्यांत पहिल्या रांगेत बसली होती. कमरेला चार पिना, उठताना एक टोचली तरी चेहरा हलला नाही. झुला पुसून चकचकीत केलेला. काडी आधीच पट्टा बांधून आत उभा. फोटोत बरं दिसावं म्हणून साहेबांनी दोन्ही बादल्या काठोकाठ भरून आत ठेवायला लावल्या. काडीनं त्या बादल्यांकडे बघितलं, मग ढगोबाकडे बघितलं आणि मग तो आभाळाकडे बघत राहिला.

ढगोबा आत चढला. टाळ्या झाल्या. साहेबांनी बटण दाबलं.

भोंगा वाजला.

हशा झाला. पुन्हा बटण, पुन्हा भोंगा. साहेबांनी मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्रीनं दोघांना खाली उतरवून झुल्यात वाळूच्या पोत्यांचा भार ठेवला, नियमात बसेल एवढाच. झुला अलगद उठला आणि अलगद उतरला. झुल्यात खोट नव्हती. मोठे साहेब घड्याळ बघायला लागले. काटेताईनं टॅब काढून सगळ्यांना दाखवला. आज सकाळचं वजन, ब्याऐंशी. शंकेला जागाच नाही.

तेव्हा पहिल्या रांगेतून बायको उठली. ती फारशी बोलणारी बाई नव्हती, पण कमरेच्या पिना तिला वर्षभर काहीतरी सांगत होत्या. ती म्हणाली, "गोदामातल्या त्या पिंपांच्या काट्यावर यांना एकदा उभं करा. त्याला आकडे आहेत ना?"

गोदाम दहा पावलांवर. मोठे साहेब तेवढे खुर्चीत राहिले, बाकी सगळी वरात तिकडे. ढगोबा सवयीनं बूट काढायला लागला, पाय पुसायला लागला. कुणीतरी म्हणालं राहू दे. तो चढला. सुई निघाली ती पंच्याऐंशी ओलांडून, नव्वद ओलांडून, चौऱ्याण्णवला जाऊन थांबली. मग बायको न सांगताच पुढे झाली आणि चढली. सुई ब्याऐंशीवर.

काटेताईचा चेहरा पडला, पण डोकं चालू होतं. तिनं टॅबवर दोघांच्या वर्षभराच्या रेघा एकावर एक घातल्या. "तुम्ही मध्ये महिनाभर घरी नव्हतात का?" तिनं विचारलं. मग एकेक करून उलगडलं. काटा पाय बघत नाही, रेषा बघत नाही. जो उभा राहील त्याचं वजन घरातल्या ज्या माणसाच्या शेवटच्या वजनाच्या जवळ येईल, त्याच्या नावावर तो ते लिहितो. लेकीकडून परतताना याचं वजन तिच्या जुन्या वजनाजवळ गेलेलं, तिचं याच्या. त्या सकाळी काट्यानं दोघांची अदलाबदल केली आणि पुढे दर सकाळी तीच कायम झाली. स्वच्छ धुतलेल्या पायांचा काही उपयोग झाला नव्हता.

काटेताई माफी मागायला लागली. हे आपण पहिल्याच दिवशी नीट सांगायला हवं होतं म्हणाली. बायको काट्यावरून उतरली, कमरेची एक पिन काढून तिनं हातात धरली आणि शांतपणे म्हणाली, "म्हणजे वर्षभर बोलणी यांची मी खाल्ली, आणि माझा पाव यांनी."

ढगोबाच्या डोळ्यांपुढून एकेक तुकडा सरकला. तिच्या ताटातून उचललेला, तिच्या भल्यासाठी. खिडकीतून दिलेल्या सूचना. आणि मग, का कोण जाणे, बादल्या. भोंगा वाजला की ओतलेलं पाणी, आणि त्याच तारांना लटकलेला, चढावर उभा असलेला काडी.

बाहेर मोठे साहेब खोळंबले होते. सुरक्षेच्या साहेबांनी ढगोबाला बाजूला घेतलं. त्यांनी अगदी हळू आवाजात, समजुतीनं सांगितलं, की झालं ते झालं, यात तुझा दोष नाही. छापलेली पोस्टरं काही परत घेता येत नाहीत. आता बाहेर जायचं, भरलेली एक बादली गुपचूप खाली ठेवायची, झुला उठेल, फोटो होईल, मोठे साहेब जातील. नंतरचं नंतर बघू. तुझं वर जाणंही मी चालू ठेवतो, फक्त बादलीचं तेवढं सांभाळ. चालेल ना?

ढगोबानं दारातून बाहेर बघितलं. वरपर्यंत काच चमकत होती. अकराव्या मजल्यावर कुणीतरी खिडकीशी उभं होतं. काडी पुन्हा झुल्यात चढून, भरलेल्या बादल्यांच्या मध्ये, कठड्याला धरून वाट बघत होता. ढगोबानं छातीवर कसाबसा अडकवलेला पट्टा सोडला, घडी करून साहेबांच्या हातात दिला आणि म्हणाला:

"बादली खाली ठेवून बरेच महिने वर जातोय साहेब, आज नको, तारेला काडीपण लटकलेला असतो. पोस्टर फाडू नका, त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे, फक्त फोटो हिचा लावा. मला गोदामाची किल्ली द्या, आणि काटेताईंना सांगा, आता माझी बोलणी माझ्याच फोनवर येऊ द्या."